आपण म्हणजे नेमकं कोण?

नानांना आयुष्यात कधी एकट्याला भूक लागली नाही, की एकट्याला ताप आला नाही. "आपल्याला जरा चहा मिळेल का?" असं ते विचारत, आणि कप मात्र एकच लागे. "आपल्याला रात्री झोप लागली नाही," असं म्हणत, तेव्हा आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "मला मस्त लागली होती हो! मला कशाला ओढता त्यात?" 'मी' हा शब्द त्यांच्या तोंडून निघतच नसे. तरुणपणी ज्या मालकाकडे ते काच कापायला शिकले, त्यानं बजावलं होतं, की गिऱ्हाइकाला 'मी करून देतो' असं सांगायचं नाही, 'आपण करून देऊ' म्हणायचं. काच फुटली तर ती सगळ्या दुकानाची फुटते. पुढे दुकान स्वतःचं झालं तरी सवय गेली नाही. उलट सगळ्या घराला लागली. या घरात भिंत पाडली ती 'आपण', दुकान वाढवलं ते 'आपण', आणि धाकट्या लेकीला, बारकीला, त्या घरी द्यायचं ठरवलं तेही 'आपणच'. त्यातून काय निघालं? एक दिवस बारकी दोन बॅगा घेऊन परत आली आणि दुकानावरच्या खोलीत राहू लागली. त्यावर कुणी काही बोललं नाही. आपणच ठरवलेलं, बोलणार कोण कुणाला?

आणि ते शेअरही आपणच घेतले होते.

रविवारी जेवणं झाल्यावर सगळे टेबलाभोवती बसून राहिले. एरवी जेवण झालं की दादा आडवा व्हायचा, वहिनी फोन घेऊन बसायची. आज कुणी उठेना. आता त्या टेबलाचं सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. ते टेबल म्हणजे बारा मिलिमीटर जाडीच्या काचेचा एक अखंड तुकडा. बॅटऱ्या बनवणाऱ्या एका कंपनीच्या कचेरीत दुकानानं काच बसवून झाल्यावर तो उरला, आणि त्यांचा मॅनेजर म्हणाला, घेऊन जा. नानांनी त्याच्या कडा स्वतः घासल्या. त्याच कंपनीचे शेअर या घरानं घेतले, आणि त्याच शेअरांचं काय करायचं ते ठरवायला घर त्याच काचेभोवती बसलं होतं. दैव कधी कधी फार चावट असतं. शिवाय काचेच्या टेबलाची एक अडचण आहे: माणसं वरून कितीही शांत बसोत, खाली सगळ्यांचे पाय दिसतात. दादाचा उजवा पाय सारखा हलत होता.

"सायेब येऊ दे, मग बोलू," दादा म्हणाला.

सायेब म्हणजे मधला भाऊ. विमा कंपनीत लागला आणि घरात पहिला टाय बांधला, त्या दिवसापासून त्याचं नाव सायेब. बोलावलं होतं जेवायलाच. पण जिथे आरोप होणार असतो तिथे तो हमखास उशिरा येतो.

"महिनाअखेरीला बिल्डरला माझ्या घराचा दुसरा हप्ता द्यायचाय," बारकी म्हणाली. "नाही दिला तर तो जागा दुसऱ्याला देणार. त्यानं परवा स्पष्ट सांगितलंय. मला एवढंच कळू दे, की माझ्या पैशांतलं काही हातात येणार आहे की नाही."

तिच्या आवाजात चीड नव्हती, आणि दादाला तेच सोसेना. दवाखान्यात एक्सरे काढायचं काम ती करते. लोकांना "श्वास रोखा, हलू नका" असं सांगायची जी तिची पद्धत, तसंच ती घरातही बोलते. ओरडली असती तर त्यालाही ओरडता आलं असतं.

दादाला ती संध्याकाळ आठवली आणि स्वतःचीच लाज वाटली. कंपनीच्या कचेरीचं काम त्यानंच घेतलं होतं. तीन मजले, प्रत्येक केबिन काचेची, दारं काचेची, जिन्याचे कठडेसुद्धा काचेचे. घरी आल्या आल्या तो ओरडला होता, "नाना, बारा मिलिमीटर! प्रत्येक दाराला बारा! आठवर सहज भागलं असतं. आणि पैसे आगाऊ!" आगाऊ पैसे देणारं गिऱ्हाईक दुकानानं किती वर्षांत पाहिलं नव्हतं. मॅनेजर त्याला म्हणाला होता, आमचे शेअर बाजारात आलेत, अजून कुणाला पत्ता नाही, एका शेअरला चहाच्या कपाएवढे पैसे पडतात, बघा. नानांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "ज्याला जाड काच घ्यायचं सुचतं, तो राहायला आलेला माणूस. पळायला आलेला माणूस पातळ काच घेतो." झालं. त्या वाक्यावर घर भाळलं. कंपनी बॅटऱ्या कशा बनवते, कुणाला विकते, नफा होतो का, कर्ज किती, हे एकानंही विचारलं नाही. काचवाल्यांनी काच पाहिली आणि धंदा पारखला. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर दादानंच त्याला वेड्यात काढलं असतं.

"आपण घ्यायचे का?" असं त्यानं त्या रात्री विचारलं होतं. आणि सगळे म्हणाले होते, "घेऊ या की!"

दुकानात गल्ल्याबाहेर काही नव्हतं. साठवलेले पैसे होते ते बारकीचे.

*

वहिनी भांडी उचलायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेली. आई तिथे आधीच पाठमोरी उभी होती.

"आई, खरं सांगा, दुकानाचे कागद कुठे गहाण वगैरे नाहीत ना?"

"अगं, मला विचारतेस? माझ्या हातात या घरात कधी कागद आलाय का?"

"मला तेव्हाच वाटत होतं, काहीतरी पाणी मुरतंय."

आई वळली. "मग बोलली का नाहीस?"

 हा प्रश्न वहिनीनं स्वतःलाही विचारला होता, आणि त्याचं उत्तर तिला मुळीच आवडलं नव्हतं. भाव वर जात होता त्या दिवसांत ती रोज सकाळी दादाच्या आधी त्याचा फोन बघायची. चहाच्या कपाचा भाव जेवणाच्या ताटाएवढा झाला, तेव्हा तिनं शेजारच्या बाईला सहज म्हणून सांगितलं होतं, "आमच्या ह्यांना बाजारातलं कळतं हो." ओट्याची फरशी बदलायची तर कुठल्या रंगाची, तेही मनात ठरवून टाकलं होतं. पैसे नणंदेचे आणि फरशी माझी! आता ते आठवलं की तिला भिंतीत तोंड लपवावंसं वाटे.

"सगळे हो म्हणाले, मी पण म्हटलं," ती म्हणाली.

"मीही त्यातलीच," आई म्हणाली. "चार बाया मिळून दूध बघत बसल्या की ते हमखास उतू जातं. प्रत्येकीला वाटतं दुसरी बघतेय."

बाहेर दार वाजलं. सायेब आला होता.

*

सायेबनं बसण्याआधीच हात वर केले. "हे बघा, घाबरून काही करायचं नाही. घाबरून विकणारा मरतो. कंपनीनं निवेदन दिलंय, नवीन ऑर्डर येतेय..."

"कधी दिलंय?" बारकीनं विचारलं.

"दिलंय म्हणजे... गेल्या महिन्यात."

"त्याच्यानंतर भाव किती पडला?"

सायेबनं टाय सैल केला. रविवारीही टाय! त्याला ही बहीण लहानपणापासून अशीच कोंडीत पकडायची, आणि लहानपणापासून त्याचं उत्तर एकच असे: मी नाही, त्यानं केलं. परिस्थिती अशी होती, की त्या शेअरचा भाव रोज बाजार उघडताच तळाला जाऊन बसे; विकणाऱ्यांची ही रांग, आणि घेणारा औषधालाही नाही. वरचेवर असं झाल्यावर बाजारानं नियम लावला: या शेअरची खरेदी-विक्री आठवड्यातून एकदाच, सोमवारी. उद्या सोमवार होता. कुणी सांगत होतं, एक मोठा खरेदीदार मातीमोल भावानं घ्यायला उभा आहे. उद्या त्याला दिले तर चार पैसे सुटतील. धरून ठेवले तर पुन्हा वर जातील, नाहीतर कागदसुद्धा उरणार नाही.

"मी फक्त खातं उघडून दिलं," सायेब म्हणाला. "घ्या म्हणून मी सांगितलं नाही. बातमी दादानं आणली."

"वा रे वा!" दादाचा पाय थांबला. "बातमी मी आणली, पण 'छोट्या कंपनीतच खरा पैसा असतो, मोठी झाल्यावर काय घेणार' हे ज्ञान कुणी पाजळलं? आता नामानिराळा?"

"ते मी सर्वसाधारण बोललो होतो."

"भाऊजी, तुमचं सगळंच सर्वसाधारण असतं," वहिनी दारातून म्हणाली. "नुकसान तेवढं आमचं ठरलेलं."

"तुमचं नुकसान? वहिनी, पैसे बारकीचे आहेत."

"हो, आणि सही नानांची आहे!" दादा उसळून म्हणाला, आणि बोलून गेल्यावर त्यानं जीभ चावली.

नानांकडे कुणीच बघितलं नाही. सगळ्यांनी टेबलाच्या काचेकडे बघितलं. नाना टोकाला बसले होते, दोन्ही तळवे काचेवर पालथे ठेवून. खातं त्यांच्या नावानं उघडलं होतं, कारण घरातला कुठलाही मोठा व्यवहार त्यांच्याच नावानं होई.

"एक मला सांगा," बारकी म्हणाली. "पहिल्यांदा घेतले ते समजलं. पण अर्धेच पैसे घातले होते. भाव पडायला लागला तेव्हा उरलेले अर्धे घालून आणखी कुणी घ्यायला लावले?"

"सरासरी खाली आणायची होती ना," सायेब म्हणाला. "स्वस्तात आणखी घेतले की आधीच्यांची किंमत..."

"कशासाठी ते नाही विचारलं. कुणी सांगितलं?"

"मला वाटलं दादानं."

"मी? मला फोनवर कळलं! मला वाटलं तू नानांना समजावलंस."

"मी कशाला समजावू? मला वाटलं बारकीचीच इच्छा आहे."

"मला नाना म्हणाले, आपण आणखी घेतोय," बारकी म्हणाली. "मला वाटलं तुम्ही दोघांनी बसून ठरवलंय. म्हणून मी हो म्हटलं. आता सांगा, आपण म्हणजे नेमकं कोण?"

 खाली सगळे पाय थिजले होते. वहिनी उगीचच आधी पुसलेला पेला पुन्हा पुसू लागली.

"आपण गेलो होतो तिथे," नाना म्हणाले.

"कुठे?" दादानं विचारलं.

"त्यांच्या कचेरीत. खालच्या मजल्याचं दार घासत होतं, बिजागरी बसवायला बोलावलं होतं. तू बाहेरगावी होतास."

"मग?"

"कचेरीत कुणी नव्हतं." नाना काचेवरून बोट फिरवत होते, कडेला कुठे खरखर राहिलीय का ते बघावं तसं. "केबिनी आपण बसवल्या तशाच होत्या. काचांवरचा आपल्या दुकानाचा कागदसुद्धा कुणी काढला नव्हता. खुर्च्यांना प्लास्टिक. मागे यंत्रं येणार होती ती शेड... तिच्यात राखणदारानं कपडे वाळत घातले होते."

"कधीची ही गोष्ट?" सायेबचा आवाज बारीक झाला.

"भाव पडायला लागला तेव्हाची."

"म्हणजे दुसऱ्यांदा घ्यायच्या आधीची?" दादा उभाच राहिला. "नाना! हे पाहिलं, तरीही आणखी घेतले? कुणी पाहिलं हे?"

"आपण पाहिलं."

"मी नाही पाहिलं! सायेबनं नाही पाहिलं! कुणी पाहिलं, नाना?"

"आपण..."

"अहो, मी म्हणा!" आई स्वयंपाकघराच्या दारातून इतक्या जोरात म्हणाली, की वहिनीच्या हातातला पेला निसटता निसटता राहिला. "मी पाहिलं, मी गप्प बसलो, मी घ्यायला लावले! एकदा तरी मी म्हणा हो! सगळ्या जन्मात एकदा!"

नानांनी तोंड उघडलं. ओठ मिटून तो एक म उच्चारायचा, पुढे काही नाही. तान्ह्या मुलालाही जमतो तो शब्द. त्यांना जमला नाही. ते उठले, काचेला हाताचा रेटा देऊन, आणि जिना उतरून दुकानात गेले.

"आता झालं समाधान तुझं?" सायेब आईला म्हणाला.

"तू गप रे!" दादा म्हणाला. आणि मघापासून एकमेकांच्या उरावर बसलेले ते दोघे भाऊ एकदम शेजारी शेजारी बसले, डोकी खाली घालून. रागवायला एकच माणूस उरला होता आणि त्याच्यावर रागवायची दोघांचीही छाती होईना.

*

बारकी खाली आली तेव्हा नाना कापायच्या लांबरुंद टेबलाशी उभे होते. कोपऱ्यात, भिंतीला टेकून, कागदात गुंडाळलेली एक काच होती. त्यावर खडूनं लिहिलेलं: बारकी. नव्या घराच्या मोठ्या खिडकीचं माप तिनं स्वतः आणलं होतं. घराचा ताबा मिळायच्या कितीतरी आधी नानांनी काच कापून ठेवली. घाई कसली, असं दादा म्हणाला तेव्हा नाना म्हणाले होते, आपल्याला नवं घर बघायचंय.

बारकीला वाटत होतं, आपण चिडलेले आहोत. खाली उतरेपर्यंत ती जिन्यात शब्द जुळवत होती. पण ते पाठमोरे खांदे पाहिल्यावर सगळे शब्द कुठल्या कुठे गेले.

"नाना, लहानपणी मला काच कापायचा हिरा हातात धरायला शिकवलंत ते आठवतं?"

"हं."

"मी एका रेघेवर दुसऱ्यांदा हिरा फिरवला, तर तुम्ही हातावर फटका मारलात. आयुष्यात एकदाच मारलंत मला."

नाना वळले. डोळे लाल होते. "चीर एकदाच मारायची. नीट उमटली नाही तरी एकदाच. पुन्हा फिरवली की काच कशीही जाते, हिराही जातो." मग म्हणाले, "हे शिकवलं सगळ्यांना. आणि..."

"आणि?"

"त्या शेडमधून बाहेर पडलो तेव्हाच कळलं होतं गं.  पण अर्धे पैसे बुडाले असं तुला येऊन सांगायचं? आधीच तुला त्या घरी..." त्यांनी हात हवेत फिरवला. "वाटलं, आणखी घेऊ, थोडा जरी वर आला भाव की सगळे काढून घेऊ. तुला कळायच्या आत भरून निघेल. तुला मोठी खिडकी मिळेल."

बुडत्याचा पाय खोलात जातो म्हणतात, ते असंच. वाईट माणूस बुडवतो तेव्हा निदान शिव्या तरी देता येतात. हा माणूस आपलं भलं करायला जाऊन बुडाला होता. बारकीला त्यांची कीव आली, आणि त्या किवेचाच संताप आला.

"मला सांगायला हवं होतंत," ती म्हणाली. "राहिलेले निम्मे वाचले असते, नाना. तेवढ्यात निदान एका खोलीचं काहीतरी झालं असतं."

"हो."

"मी तुम्हाला माफ केलं असं आज म्हणणार नाही. खोटं होईल ते."

"नको म्हणूस."

ती स्टुलावर बसली. फरशीवर काचेचा चुरा चमकत होता. कितीही झाडलं तरी या दुकानात तो राहतोच. "पण एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही. दुसऱ्यांदा घेतले त्या दिवशी ब्रोकरच्या ऑफिसातून बाईचा फोन आला होता. तुमचा फोन मी उचलला. तिनं मला विचारलं, सगळी रक्कम एकाच छोट्या कंपनीत? ही कंपनी जोखमीची आहे, वाचलंत का तिच्याबद्दल काही? आणि मी म्हटलं, आमच्या घरच्यांनी ठरवलंय. तुमच्या हातात फोन दिला आणि कामावर गेले."

नाना टेबलाच्या कडेला टेकले.

"पैसे माझे होते. मी रोज लोकांची हाडं तपासते, कुठे बारीक भेग असली तर डॉक्टरच्या आधी मला दिसते. आणि स्वतःच्या पैशाच्या बाबतीत डोळे मिटून घेतले. का, तर 'आपण' ठरवलंय म्हणून. लग्नाच्या वेळीही तेच. बरं वाटतं हो असं कुणी ठरवलेलं. चुकलं तर आपलं नसतं." तिनं डोळे पुसले. "तुमची चूक तुमची. पण ही माझी आहे. मी हो म्हटलं. ती मी कुणाला देणार नाही."

वर दादाची पावलं वाजली, थांबली, परत गेली. खाली यावं की नाही, ते त्याला ठरवता येईना.

"उद्या विकायचे," बारकी म्हणाली. "मिळेल त्या भावानं. सायेब काय म्हणेल ते म्हणू दे."

"परत वर गेला तर?"

"गेला तर जाऊ दे. तिसऱ्यांदा हिरा फिरवायचा नाही."

नानांनी मान हलवली. कोपऱ्यातल्या काचेकडे बघत म्हणाले, "ही काच मग..."

"दुसऱ्या कुणाच्या खिडकीला लावा."

"दुसऱ्याच्या मापाला नाही बसत," ते म्हणाले. "काच लहान करता येते. मोठी नाही करता येत."

*

सोमवारी सकाळी बारकीनं बिल्डरला फोन केला आणि जागा दुसऱ्याला द्या म्हणून सांगितलं. बिल्डर म्हणाला, दोन दिवस थांबता येईल. ती म्हणाली, नको. बोलणं संपल्यावर ती बराच वेळ जिन्याच्या कठड्याला धरून उभी होती, आणि वहिनी तिच्या पाठीवर हात ठेवून नुसती उभी राहिली. दोघींनी त्याआधी एकमेकींना कधी असा हात लावला नव्हता.

"माझ्या दोन बांगड्या आहेत," वहिनी पुटपुटली. "म्हणजे, तुला हव्या असतील तर."

"राहू दे गं. त्या तुझ्या आहेत," बारकी म्हणाली. हे ती टोचून बोलली नाही, आणि वहिनीलाही ते टोचलं नाही.

सायेबनं रजा काढली होती. टाय बांधला नव्हता. काल नाना उठून गेल्यापासून तो 'धरून ठेवा' एकदाही म्हणाला नव्हता, आता मात्र दादाला हळूच म्हणाला, "तुझं खरं होतं. ते ज्ञान मीच पाजळलं होतं." दादानं त्याच्याकडे खुर्ची सरकवली. दुकानाची फळी आज उशिरा उघडणार होती. सगळे पुन्हा त्या काचेभोवती होते, आणि मधोमध नानांचा फोन.

तो वाजला तेव्हा दादानं सवयीनं हात पुढे केला आणि परत घेतला. नानांनी उचलला. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून आवाज मोठा ठेवलेला, त्यामुळे पलीकडची मुलगी सगळ्यांनाच ऐकू येत होती. आवाज गोड, घाईचा, दिवसातून शंभरदा तेच बोलणारा.

"नमस्कार. ब्रोकरच्या ऑफिसातून बोलतेय. हे संभाषण रेकॉर्ड होतंय. आपल्या खात्यावरून विक्रीची सूचना आलीये, ती नक्की करायला फोन केलाय. आपण कोण बोलताय?"

नाना थबकले. या प्रश्नाला या घरात कधीच उत्तर नव्हतं. आईनं स्वयंपाकघरात नळ बंद केला.

"हॅलो? आपण कोण बोलताय, सर? खातेदार स्वतःच ना?"

"हो," नाना म्हणाले.  "मी."

"सगळे शेअर विकायचेत? आजच्या भावात खूप तोटा होतोय आपला. हा निर्णय आपण स्वतः घेतलाय ना?"

"तोटा माझा नाही, मुलीचा आहे," ते म्हणाले. प्रत्येक शब्द वेगळा, काचेच्या कडेला जपून बोट लावावं तसा. "पैसे तिचे होते. घालवले मी. विका सगळे."

 पलीकडची मुलगी आता जरा हळू आवाजात म्हणाली, "बरं, काका. विकले गेले तर संध्याकाळपर्यंत कळवते."

नानांनी फोन खाली ठेवला. दादानं टेबलावर कोपर टेकून चेहरा झाकून घेतला. नाना बारकीकडे बघत होते.

"आणि त्या घरी तुला मी दिलं," ते म्हणाले. "तुझी आई नको म्हणत होती. दिलं ते बाकी कुणी नाही. मी."

बारकीनं मान हलवली.  मग तिनं विचारलं, "चहा ठेवायला सांगू?"

"सांग," नाना म्हणाले. "मला अर्धा कप."

आईनं आतून ते ऐकलं. ज्या एका शब्दासाठी ती जन्मभर त्यांना टोचत आली, तो असा अर्ध्या कप चहासाठी आलेला ऐकून तिला खरं तर हसू यायला हवं होतं. ती ओट्याला टेकली आणि हमसून हमसून रडली.